हाँगकाँगमध्ये 'हां' जरा जपून

वॉशिंग मशीन पोचवणारा माणूस फोनवर होता. हाँगकाँगला येऊन मला जेमतेम महिना झाला होता, पण आकडे आणि वेळ कळण्यापुरतं कँटोनीज पाठ केलं होतं. त्यामुळे 'साम तिम' म्हणजे तीन वाजता, हे समजलं. मी म्हटलं, "हां." तो म्हणाला, "साम तिम." मी म्हटलं, "हां, हां." त्याने आवाज चढवला, "साम तिम!" मी आणखी गोड आवाजात, "हांऽऽ." असं पाच-सहा वेळा झालं. शेवटी तो तीन वेगळं आणि वाजता वेगळं, असा एकेक शब्द ठोकून सांगू लागला, आणि आपलं काय चुकतंय तेच मला कळेना. आमच्या इमारतीच्या दारावरचे वॉचमनकाका हे ऐकत होते. त्यांनी फोन घेतला, "हइ, हइ" एवढंच म्हणाले आणि परत दिला. विषय संपला.

मग काकांनी कानामागे हात धरून दाखवला आणि म्हणाले, "हाऽ?" तेव्हा कुठे उजेड पडला. कँटोनीजमध्ये 'हा' असा खालून वर चढवत म्हटला, की त्याचा अर्थ होतो 'काय?', 'काय म्हणालात?', आणि आणखी उंच चढवला तर 'काय सांगता!' आपण समोरच्याला 'बोला, ऐकतेय' हे सांगायला 'हां' थोडा वर नेतो. आपला अनुस्वार त्यांच्या कानाच्या हिशेबातच नाही. म्हणजे मी त्या बिचाऱ्याला ओळीने सहा वेळा 'काय?' विचारलं होतं.

हाँगकाँग, मकाव किंवा ग्वांगडाँग प्रांतात नोकरीला, शिकायला, अगदी आठवडाभर हिंडायला जाणाऱ्या मराठी माणसाने कँटोनीजची सुरुवात आश्चर्याच्या शब्दांपासून करावी, असं माझं मत आहे. ते आखूड असतात, दिवसभर कानावर पडतात, आणि चुकले तरी दुकानदार हसून सोडून देतो. शिवाय हां, वा, ई आणि अय्या हे आपले चार उद्गार जवळजवळ जसेच्या तसे तिथे भेटतात. पंचाईत एवढीच, की चारही फसवतात.

का फसवतात, ते आधी पाहू. मराठीत आश्चर्य आपण सुरात ओततो. 'आला' हा एकच शब्द वर नेला की प्रश्न, झटक्यात म्हटला की आनंद, लांबवला की वैताग. कँटोनीजला ही मोकळीक फार थोडी आहे, कारण तिथे प्रत्येक अक्षराचा सूर अर्थाने आधीच अडवून ठेवलेला असतो. 'सी' हे एकच अक्षर सहा सुरांत म्हटलं तर कविता, इतिहास, प्रयत्न करणे, वेळ, बाजार आणि बाब असे सहा शब्द होतात. आश्चर्य वाटलं म्हणून कवितेचा सूर हलवला, तर हातात इतिहास येतो. म्हणून तिथलं आश्चर्य राहतं सुटसुटीत उद्गारांत आणि वाक्याच्या शेपटाला लागणाऱ्या एकाक्षरी शब्दांत. अशी शेपटं तीसच्या आसपास आहेत.

सहा सूर म्हटले की शिकणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. आपल्याकडे मात्र एक सोय आहे. युएन रेन चाओ नावाचे भाषाशास्त्रज्ञ होते, स्वतः संगीतकारही होते. त्यांनी 1930 साली सूर मोजायला पाच पायऱ्यांची पट्टी मांडली, सगळ्यात खालची पायरी 1 आणि सगळ्यात वरची 5. कँटोनीजचे सूर आजही या पट्टीवर दाखवतात. 1 ते 5 म्हणजे सा रे ग म प धरा, आणि सहा सूर असे पडतात: पहिला सरळ 'प', दुसरा 'रे'वरून 'प'वर चढणारा, तिसरा सरळ 'ग', चौथा 'रे'वरून 'सा'वर उतरणारा, पाचवा 'रे'वरून 'ग'पर्यंतच चढणारा आणि सहावा सरळ 'रे'. तानपुरा लावून म्हणायचं नाही, पट्टी ज्याची त्याची. नातं सांभाळलं की झालं. पुढे महत्त्वाच्या शब्दांचे सूर मी असेच सांगणार आहे.

उच्चाराची एक गोष्ट सांगून टाकते. कँटोनीज रोमन लिपीत लिहायची 'ज्यूतपिंग' नावाची पद्धत हाँगकाँगच्या भाषाशास्त्र मंडळाने 1993 साली तयार केली आणि बरीच पुस्तकं तीच वापरतात. तिच्यातला 'जी' आपण ग वाचतो, तो असतो क. 'डी' म्हणजे त, 'बी' म्हणजे प. 'के', 'टी', 'पी' म्हणजे ख, थ, फ. इंग्रजी माणसाला हा फरक तोंडात बसवायला महिने लागतात, आपण तो बाराखडीतच शिकलेलो असतो. त्यांचा 'झेड' हा आपल्या चोरातला च, चहातला नव्हे. तेव्हा रोमन अक्षरं बघण्याऐवजी ऐकलेलं मनातल्या मनात देवनागरीत लिहून घ्या. शेवटी येणारे त, क, प मात्र फोडू नका, जीभ किंवा ओठ जागेवर नेऊन तिथेच थांबायचं.

आता ते चार फसवे उद्गार.

'हा' तुम्ही पाहिलाच. 'रे'वरून 'ग'पर्यंत चढला तर 'काय म्हणालात?', 'प'पर्यंत गेला तर 'काय सांगताय!' मैत्रिणीने नोकरी सोडली, मेट्रो बंद आहे, भाडं वाढलं, या सगळ्याला एकटा 'हा?' पुरतो. साहेबांना किंवा वयाने मोठ्या माणसाला मात्र नुसता 'हा?' टाकू नका, आपल्याकडे मोठ्यांना तोंडावर 'काऽय?' म्हणावं तसं ते वाटतं. तिथे 'म् होउ यी सी' (उतरता, चढता, ग, प) म्हणजे 'माफ करा हं' असं म्हणून थांबायचं, समोरचा आपण होऊन पुन्हा सांगतो. होकार द्यायचा असेल तर वॉचमनकाकांचा 'हइ', सूर सरळ 'रे', खाली आणि सपाट. दोन-तीनदा लागोपाठ म्हटला की आपल्या कानाला मोर्चातलं 'हाय हाय' आठवतं, पण त्याचा अर्थ 'हो, हो, बरोबर' एवढाच. हा 'हइ' उत्साहाच्या भरात वर 'प'वर नेऊ नका. तिथे तो शरीराच्या एका भागावरून दिलेली अस्सल शिवी होतो. हे मला कुणी पहिल्या दिवशी सांगितलं नव्हतं, म्हणून तुम्हाला सांगतेय.

'वा' सरळ 'ग'वर. आपला 'वा' दाद देतो, गवयाला किंवा पुरणपोळीला. त्यांचा 'वा' आकाराला आणि आकड्याला असतो. समोर उंच इमारत आली, 'वा'. रांग मोठी दिसली, 'वा'. बिल आलं, 'वा'. 'अबब', 'बापरे' आणि 'वा' या तिघांचं काम तो एकटा करतो, त्यामुळे कुणी 'वा' म्हटलं म्हणजे खूश झालं असं समजू नका. बाजारात कानावर येणारं नेहमीचं वाक्य असं: "वा, कम क्वइ आ!" म्हणजे "बापरे, एवढं महाग!" सूर ग, ग, ग आणि शेवटचा 'आ' उतरता. 'क्वइ' चढवू नका, चढला की भूत होतं.

'यी' हा आपल्या 'ई'चा भाऊ. आपली 'ई' किळस दाखवते आणि उतरता, लांबवलेला 'यीऽऽ' तिथेही किळसच दाखवतो. सांडपाणी, सडकी मासळी, कुणाचं तरी नको तितकं प्रेमप्रदर्शन, यांना तो चालतो. पण 'रे'वरून 'प'वर चढवलेला आखूड 'यी?' म्हणजे आपलं 'अरेच्चा!' चष्मा इथे ठेवला होता, गेला कुठे? 'यी?' ओळखीचा माणूस भलत्या ठिकाणी दिसला, "यी, नेइ तिम काइ हइ तोउ के?" म्हणजे "अरेच्चा, तू इथे कसा?" तेव्हा मित्राला रस्त्यात पाहून 'यी' म्हणायचं असेल तर वरच संपवा. खाली घसरला तर त्याला बघून तुम्हाला किळस आली, असा निरोप पोचतो.

चौथी आमची लाडकी 'अय्या'. कँटोनीजमध्ये 'आइ या', पहिलं 'प'वर, दुसरं 'ग'वर. आपल्याकडे अय्या बायका-मुलींची आणि बहुतेक वेळा आनंदाची. तिथे ती सगळ्यांची आहे. ट्रकवरून पेट्या उतरवणारा दणकट गडीही दिवसातून वीसदा 'आइ या' म्हणतो, पण ती कटकटीची असते. किल्ली घरात राहिली, चहा सांडला, नातू पुन्हा धडपडला. एकदा मी एका कँटोनीज सहकारी मैत्रिणीबरोबर गाडीचं पार्किंग भरायला गेले. खिडकीवर इंग्रजीत पाटी होती, 'श्रॉफ'. हाँगकाँगच्या पार्किंगमध्ये पैसे घ्यायच्या खिडकीला हेच म्हणतात. म्हणजे आपला सराफ! मुंबईहून चीनशी व्यापार चालायचा त्या काळातले असे बरेच शब्द तिकडच्या इंग्रजीत मुक्कामाला राहिलेत. पावसाच्या पाण्याच्या कालव्याला ते 'नल्ला' म्हणतात, तो आपला नाला. मला इतका आनंद झाला की मी जोरात म्हटलं, "अय्या!" मैत्रीण दचकली, माझ्या पर्सकडे बघत म्हणाली, "काय विसरलीस? पाकीट?" सराफाची गोष्ट मी तिला सांगितली, पण पाकीट आहे हे दाखवल्यावरच तिचा जीव भांड्यात पडला.

एवढे चार बसले की थोडे लांब उद्गार घ्या. त्यातला पहिला मराठी माणसाला फुकट मिळतो. 'चन' म्हणजे खरं. 'का' हे आश्चर्यमिश्रित प्रश्नाचं शेपूट. 'चन का?' म्हणजे खरं का? दोन भाषांचा काडीचा संबंध नाही, निव्वळ योगायोग, पण मला तो रोज आनंद देतो. फक्त आपला 'का' वर जातो आणि त्यांचा 'रे'वरून 'सा'वर उतरतो. 'चन' उंच 'प'वर म्हणायचा आणि 'का' पायरीवरून खाली सोडायचा. पहिले काही दिवस प्रश्न विचारतोय असं वाटणारच नाही. वाटू नये, हेच बरोबर.

शेपटांचीच गोष्ट निघाली आहे तर आणखी तीन सांगते, कारण मराठीत त्यांच्या जोड्या तयार आहेत. 'मे', सूर 'प'. 'नेइ म् ची मे?' म्हणजे 'तुला माहीत नाही होय?' हा 'होय' आपण जिथे लावतो, तिथे 'मे' लावा, आणि जिथे तो खोचक होतो तिथे हाही होतो. 'वो', सूर 'ग', म्हणजे आपला 'की'. खिडकीतून बाहेर बघून 'लोक यू वो!' म्हणजे 'पाऊस पडतोय की!' हाच 'वो' 'रे'वरून 'ग'वर चढवला की होतो 'म्हणे'. 'खोइ वा म् लइ वो' म्हणजे 'तो येणार नाही म्हणे', बातमी त्याची, जबाबदारी माझी नाही. मराठीला हा 'म्हणे' किती उपयोगी पडतो ते आपण जाणतोच. इंग्रजीतून कँटोनीज शिकणारे या दोन 'वो'पाशी घाम गाळताना मी पाहिलेत. ज्यांना व्याकरणात खोल उतरायचं असेल, त्यांनी स्टीफन मॅथ्यूज आणि व्हर्जिनिया यिप यांचं 1994 सालचं कँटोनीज व्याकरण बघावं, शेपटांवर त्यात भरपूर मिळेल.

अविश्वासासाठी 'म् हइ क्वा', सूर उतरता, रे, ग. शब्दशः 'नाही बहुधा', पण म्हणायची जागा आपल्या 'छे, काहीतरीच काय!'ची. 'म्' ओठ मिटूनच म्हणायचा, त्यात स्वर घालायचा नाही. 'कम तोउ तक?!' म्हणजे 'असंही चालतं?!' भर रस्त्यावर कुणी अशक्य वाटणाऱ्या फटीत गाडी उभी केली की हे म्हणायचं, त्यात थोडं कौतुकही असतं. 'मत वा?' म्हणजे 'काय म्हणालास?', कान नीट असतानाही विचारलेलं.

आणि 'याउ मोउ काउ छो'. हे वाक्य पुस्तकात वाचलं तेव्हा मला फार सभ्य वाटलं. शब्दशः अर्थ आहे 'काही चूक झालीय का?' आमच्या गल्लीतल्या एका चहा-नाश्त्याच्या हॉटेलात बिलात एक जास्तीचा दुधाचा चहा लागला होता. मी हसतमुखाने काउंटरवर जाऊन सूर सांभाळत म्हटलं, "याउ मोउ काउ छो?" काउंटरवरच्या बाईंचा चेहरा पडला. मागच्या टेबलावरचे दोघे वळून बघायला लागले. या वाक्याचा व्यवहारातला अर्थ आहे 'काय चाललंय काय! डोकं ठिकाणावर आहे का?' चूक दाखवायची असेल तर मुकाट्याने बिलावर बोट ठेवा आणि 'म् होउ यी सी' म्हणा. 'याउ मोउ काउ छो' तुम्ही टीव्हीवरचा सामना बघताना पंचासाठी राखून ठेवा. 'छी सिन'चंही तसंच. शब्दशः 'वायरी एकमेकींना चिकटल्यात', अर्थ 'वेडा झालास का'. मित्रांत खुशाल, अनोळखी माणसाला अजिबात नाही.

घाबरून किंवा हबकून निघणाऱ्या उद्गारांत आपण आणि ते सख्खे शेजारी आहोत. आपण म्हणतो 'मेलो!', ते म्हणतात 'सेइ ला!' सूर चढता, मग ग, आणि अर्थ तोच. बस चुकली, फाइल सेव्ह केली नाही, सासूबाई दारात, 'सेइ ला!' प्रकरण मोठं असेल तर 'ताइ वोक', म्हणजे मोठी कढई. सूर दोन्हीचा 'रे', त्यामुळे हे धसक्याच्या आवाजात नाही तर खर्जात, मान हलवत म्हटलं जातं. 'आई गं'चं भाषांतर मात्र करायला जाऊ नका. तिथल्या सगळ्यात जहाल शिव्यांत समोरच्याची आई येते, आणि नवख्याच्या तोंडून अर्धवट सुरात आई निघाली तर ऐकणारा उरलेलं वाक्य मनातच पुरं करतो.

'सेइ ला'ला वर्षातले काही दिवस सुट्टी असते. चिनी नववर्षाच्या दिवसांत मरणाचा उल्लेख तोंडून काढायचा नाही. एरवीही या शब्दाची धास्ती आहेच. 'चार'चा उच्चार त्याच्याच जवळचा, म्हणून हाँगकाँगच्या कितीतरी इमारतींत चौथा, चौदावा, चोविसावा मजला नसतो, लिफ्टमध्ये तीननंतर थेट पाचचं बटण. तरीही तुमच्या तोंडून गेलंच, तर घरातली आजी म्हणेल, "ताइ कत लेइ सी!" आणि जमलं तर तुम्हाला थुंकून पुन्हा नीट बोलायला लावेल. आपण अशा वेळी 'शुभ बोल रे नाऱ्या' म्हणतो. तुम्हीही लगेच हसून 'ताइ कत लेइ सी' म्हणा, तिचं समाधान होईल.

सराव कसा करायचा? वर्ग, ॲप, सगळं चांगलं आहे, पण या शब्दांना बाजार लागतो. मी भाजीबाजारात सकाळी दहाच्या सुमाराला जाते, तेव्हा गिऱ्हाईक कमी आणि भाजीवाल्यांना बोलायला वेळ असतो. आधी आठवडाभर नुसतं ऐकलं. कोण कशाला 'वा' म्हणतं, कोण कशाला 'यी', एवढंच टिपायचं. मग घरी फोनवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून सुरांच्या पायऱ्या तपासल्या. आपण चढवतोय असं वाटतं आणि प्रत्यक्षात 'ग'वरच अडकतो, हे स्वतःचं ऐकल्याशिवाय कळत नाही. हावभाव मात्र आवरा. आपण आश्चर्याला हातवारे, भुवया, टाळी, सगळी फौज लावतो. तिथे अक्षर बरोबर असलं की चेहरा सपाट ठेवूनही भागतं, आणि तसं म्हटलेलं जास्त अस्सल वाटतं.

गेल्या शनिवारी चॉय सम नावाची पालेभाजी घ्यायला थांबले. भाव कनावर असतो, एक कन म्हणजे साधारण 605 ग्रॅम. भाजीवाल्या बाई येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकीला 'लेंग नोइ' म्हणजे 'सुंदरी' अशी हाक मारतात, वय सत्तर असलं तरी. त्यांनी भाव सांगितला. मी चेहरा हलू न देता, तिन्ही 'ग' सरळ धरून आणि 'आ' खाली सोडून म्हटलं, "वा, कम क्वइ आ!" त्यांचा तराजूवरचा हात थांबला.

"यी?" त्या म्हणाल्या, "नेइ सिक कोंग क्वोंग तुंग वा का?" अरेच्चा, तुला कँटोनीज बोलता येतं का?

"सिउ सिउ," मी म्हटलं. थोडं थोडं.

भाव त्यांनी एका पैशाने उतरवला नाही. पिशवी देताना मात्र, आपल्याकडे कोथिंबीर टाकतात तशी, पातीच्या कांद्याची एक जुडी वर खोचली.